रीडिंग

लोकांच्या घराबाहेरचे मीटर वाचतो मी, एकोणीस वर्षं.
कन्नमवार नगर, टागोर नगर, मग पार्कसाइटचा चढ.
आकड्यावरून सांगतो, कुणाकडे पाहुणे राहिलेत,
कुणाचा फ्रीज म्हातारा झालाय,
कुठलं घर महिनाभर बंद आहे.
माझ्या घरचं बिल एप्रिलपासून चढत गेलं
आणि मी म्हटलं, उन्हाळा.
ऑगस्टातही उन्हाळाच म्हटलं.

मग एकदा रात्री तीनला पाणी प्यायला उठलो,
तर निरंजना पंख्याखाली बसलेली, दिवा चालू,
भूमितीची वही उघडी, पान कोरं.
"झोप येत नाही का?"
"येते."
एवढंच. नववीपर्यंत ही पोर
कुकरच्या शिट्ट्यांच्या वरून बोलायची.

भाऊ म्हणाला, मोबाईल काढून घे.
बायको म्हणाली, दहावीचं वर्ष, होतं असं.
शाळेतल्या गांगुर्डे बाईंनी काहीच न म्हणता
कागदाच्या चिटोऱ्यावर एक नंबर लिहून दिला.

तो लागेना.
दुसरा लागला, तिथे सहा आठवडे थांबायचं होतं.
तिसऱ्या ठिकाणी फी ऐकून "बरं, कळवतो" म्हणालो
आणि कुठल्याशा बिल्डिंगच्या मीटरखोलीत
टॉर्च बंद करून थोडा वेळ उभा राहिलो.
मग सरकारी दवाखाना, केसपेपर, सत्तेचाळीस नंबर.
तिथल्या समाजसेविकेने पत्ता दिला, घाटकोपरला, बाजारामागे.
"जमेल तेवढे द्या. पण मुलीला विचारून आणा."
विचारून.
जन्मापासून आम्ही तिला सगळीकडे सांगून नेलं होतं.

तीन मजले वाक्य जुळवत चढलो, दारात विसरलो.
म्हटलं, "एक बाई आहेत. बोलतात. म्हणजे, ऐकतात."
"मी वेडी झालेय का?"
"नाही गं."
"मग तुम्ही का घाबरलाय?"
याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.
म्हटलं, "मला वाचता येत नाहीये, निरू."
ती बराच वेळ नखं बघत राहिली.
"एकदाच येईन. आणि काकाला सांगायचं नाही."

गुरुवार, पाच वाजता.
फॉर्मवर रकाना होता: कशासाठी आलात.
मी लिहिलं, रात्री दिवा चालू असतो.
तिने माझ्या हातून पेन घेतलं,
त्याखाली दोन ओळी लिहिल्या
आणि कागद उलटा केला.

बाई माझ्याहून लहान, सुती कुर्ता, साध्या चपला.
म्हणाल्या, ती बोलेल ते तिचं राहील.
जिवाला धोका दिसला तरच तुम्हाला सांगेन,
तेही तिला सांगून.
मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.
दार लागलं.

दारावर जुना चाकाचा मीटर. सवयीने वाचला:
शून्य आठ चार एक सहा.
कूलरचं पाणी टपकत होतं.
कान दाराकडे गेला, मी तो ओढून परत आणला.
पुन्हा गेला.
एकदा आत कुणी हसल्यासारखं वाटलं. किंवा शिंकल्यासारखं.

पन्नास मिनिटांनी आली, डोळे लाल.
मी मीटर पाहिला: शून्य आठ चार एक सहा.
शेवटचं चाक मात्र जरासं सरकलेलं,
दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी.
अशा वेळी आम्ही मागचाच आकडा लिहितो.

रिक्षाच्या रांगेत मी काही विचारलं नाही.
हायवेला लागेपर्यंत तीही गप्प.
मग बाहेर बघत म्हणाली,
"ती खुर्ची फार करकरते. नीट बोलता येत नाही."
"पुढच्या वेळी सांग त्यांना."
"सांगितलं. म्हणाल्या, त्यांनाही ऐकू येतं."

पुढच्या वेळी, असं मी म्हणून गेलो होतो.
तिने ते खोडलं नाही.

आज बुधवार.
शिलाई मशीनच्या खणातली तेलाची बाटली
मी बॅगेत टाकली आहे, टॉर्चच्या शेजारी.